कानाशी धरलेला तळहात

"फुंका."

वहिनी एवढंच म्हणायच्या. बंदुकीचं तोंड आपल्या ओठांशी धरलेलं, आणि मागच्या बाजूला, जिथे बत्ती लागते त्या बारीक भोकाला, म्हणजे बंदुकीच्या कानाला, वहिनींचा तळहात. आपण गाल फुगवून फुंकायचं. तळहाताला वारा लागला की त्या म्हणायच्या, "आला." नाही लागला तर बंदूक भिंतीला टेकवून ठेवायच्या आणि पुढची उचलायच्या.

कुणी म्हटलं, "अहो, रिकामीच आहे ती," तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "रिकामी म्हंजे काय? वारा दाखवा." मग समोर कुणीही असो, तो बिचारा मुकाट वाकायचा. पहिल्यांदा मी वाकलो तेव्हा ओठांना गार लोखंड लागलं आणि जळक्या दारूची चव जिभेवर आली. खोटी बंदूक आहे, खोटी आहे, असं स्वतःला बजावत मी फुंकलं.

तर मी पेणचा. आमच्या गावात निम्मे लोक गणपती करतात, मी दाढ्या करतो. माझी ड्रेपरी आहे. पगड्या, अंगरखे, चिलखतं, मिशा, सगळं भाड्याने देतो आणि परत येतं तेव्हा डोकं धरून बसतो, कारण दिलेल्या मिशा कधीच जोडीने परत येत नाहीत. मिरवणुकीतले चित्ररथ, शाळांची गॅदरिंग, आणि अलीकडे निघालेले ते लढाईचे प्रयोग, जिथे मैदानावर दोन बाजू उभ्या राहून जुनी लढाई जशीच्या तशी लढतात. कपडे माझे आणि बंदुका वहिनींच्या, अशी आमची जोडी वर्षानुवर्षं चालली.

त्या राहायच्या रोह्याजवळ अष्टमीला, पुलाच्या अलीकडे. त्यांचे यजमान कंपनीत टर्नर होते. त्या माणसाने शिफ्ट संपल्यावर हौसेने एकेक करून या तोड्याच्या, म्हणजे जळत्या सुती वातीने पेटणाऱ्या, बंदुका घडवल्या होत्या. सागवानी दस्ता, लोखंडी नळी, आत गोळी नाही, नुसत्या दारूचा बार. आवाज आणि धूर मात्र असा, की पहिल्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरत. मी वहिनींना ओळखायला लागलो तोवर यजमान वारले होते आणि बंदुका बाहेरच्या खोलीत खुंट्यांवर ओळीने टांगलेल्या असत.

वहिनींचा दुसरा नियम फुंकण्याहून वाईट होता. बंदुकीबरोबर गज मिळायचा नाही. गज म्हणजे नळीत दारू ठासायची ती लांब सळई. ती बंदुकीच्या पोटाखाली खोचलेली असते, आणि लढाईच्या प्रयोगात प्रेक्षकांना तेच तर बघायचं असतं, सैनिकाने गज उपसावा, खसाखसा ठासावं, पुन्हा नेम धरावा. वहिनी मैदानावर पोचल्या की सगळे गज काढून घ्यायच्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीत मांडीवर ठेवून बसायच्या, शेवग्याच्या शेंगा निवडायला घेतल्यासारख्या. प्रत्येक गजाला जुन्या लुगड्याची वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. दारूची पुडी नळीत नुसती ओतायची, ठासायची नाही.

आयोजक कुरकुरायचे की बाई, हे खोटं दिसतं. त्या म्हणायच्या, "खोटं तं हायच. खोटंच राव दे."

मलाही वाटायचं, काय हा हट्ट! तुम्हालाही वाटलं असतं. अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात, कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी. आपण हसतो आणि सोडून देतो. मीही त्यांची नक्कल करून दाखवायचो. दाढी चिकटवताना पोरांच्या नाकाला तळहात लावून म्हणायचो, "फुंक." पोरं खदाखदा हसायची. वहिनीही एकदा हसल्या होत्या.

नक्कल बंद झाली ती निडी स्टेशनात. कासूचा एक प्रयोग आटोपून आम्ही रोह्याला निघालो होतो, त्यांना घरी सोडायचं आणि माझे अंगरखे घेऊन परत फिरायचं असा बेत. गाडी निडीला क्रॉसिंगसाठी थांबली. संध्याकाळ होती. समोरच्या बाकावर बंदुका गोधडीत गुंडाळून निजवलेल्या. मी सहज विचारलं, एवढा जीव खाली-वर होतो तर विकून का टाकत नाही?

त्या खिडकीबाहेर बघत बोलायला लागल्या. त्यांचा एक भाऊ होता. नवऱ्याचा जिवलग दोस्त. गावच्या मैदानावर लढाईचा प्रयोग होता, भाऊ किल्लेदार झाला होता आणि बांबूच्या बुरुजावर उभा होता. खालून नवऱ्याने बार काढला. घाईत ठासताना गज नळीतच राहिला होता. गोळी नव्हती, पण गज होता. भाऊ बुरुजावरून कोसळला.

"लोकांनी टाळ्या मारल्या," वहिनी म्हणाल्या. "लई बेस पडला, म्हणाले. मी पन मारल्या."

गाडी सुटली. पुढे त्यांनीच सांगितलं. चौकशी झाली, अपघात ठरला. त्यानंतर नवऱ्याच्या हाताला कंप सुटला तो मरेपर्यंत. भाताचा घास त्याच भरवायच्या. ज्याने भाऊ मारला त्याला भरवायचा, आणि त्याची चूकही नाही, हे रोज गिळायचं. बंदुका विकायचा विचार केला होता त्यांनी. "पन विकल्या तं दुसऱ्याच्या हातात जातील," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं हायत तवर मला म्हायती हाय, आत काय हाय ते."

एक बंदूक त्या प्रयोगाला कधीच द्यायच्या नाहीत. दारामागच्या खुंटीवर असायची ती. कोणती, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांना एकच मुलगा, नितीन. मनाचा चांगला, हाताने बापासारखा तरबेज आणि डोक्याने सुसाट. त्याने पोरं जमवून पथक काढलं. वाढता वाढता नाव झालं, आणि मुंबईहून एक साहेब यायला लागले. जुन्या हत्यारांच्या नकला जमवायचा त्यांना छंद. गाडीतून उतरले की बूट न काढता थेट खोलीत, आणि प्रत्येक बंदुकीवरून हात फिरवणार. त्यांनी नितीनच्या डोक्यात भरवलं की गज नाही तर फोटोत मजा नाही. फुंकायला सांगितलं तर ते रुमालाने नळीचं तोंड पुसायचे, हसायचे आणि फुंकायचे नाहीत. माझं आणि त्या माणसाचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही.

मग तो रोह्याचा प्रयोग. किल्लेदाराला सकाळी ताप भरला. ऐनवेळी दुसरा कोण मिळणार? दाढीवाल्यालाच दाढी लावली आणि मला बुरुजावर चढवलं. लाकडी मचाण, वर रंगवलेला पुठ्ठा. पोट आत घेऊन, तलवार उपसून मी उभा. खाली माणसांचा समुद्र. खरं सांगतो, मला आवडत होतं. ठरलं होतं असं की नितीन शेवटचा बार काढील आणि मी झोकात कोसळीन. खाली गादी घातली होती.

धुरातून नितीन पुढे आला. बंदूक खांद्याला लावली, माझ्यावर रोखली, तोडा धुमसतोय. आणि तेवढ्यात मला दिसल्या वहिनी. खुर्चीतून उठून, नऊवारीचा ओचा सावरत, मेलेल्या सैनिकांना ओलांडत त्या मैदानाच्या मधून चालत येत होत्या. लोक हसायला लागले. मी मनात म्हटलं, झालं, माझ्या एकुलत्या एका मरणाचा विचका केला बाईने.

त्या पळत नव्हत्या, हे माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. पळल्या असत्या तर नितीन दचकला असता. त्या थेट त्याच्यापाशी गेल्या, जळता तोडा चिमटीत धरून विझवला, आणि नळीच्या तोंडातून हिरव्या चिंधीचा गज उपसून काढला. लांबच लांब निघत होता तो. लोकांना वाटलं हाही प्रयोगाचाच भाग. टाळ्या पडल्या. ठरल्याप्रमाणे कोसळायचं होतं, ते मी मचाणावर खाली बसूनच केलं.

झालं होतं ते इतकंच, की साहेबांच्या फोटोसाठी नितीनने सकाळी आईच्या पिशवीतून एक गज लपवला होता आणि घाईत तो आतच राहिला. बापाची चूक, जशीच्या तशी. मांडीवरच्या चिंध्या चाचपताना वहिनींना नितीनच्या बंदुकीची हिरवी सापडली नव्हती. त्यांच्या बोटांना फोड आले होते. मी हात धरून रडलो, दाढी लावलेली तशीच. त्या म्हणाल्या, "उगी, पेणकर. आला वारा."

तुम्हाला वाटेल, पोरगा पाया पडला असेल. नाही पडला. शरमेचा राग फार वाईट. भर मैदानात आईने फजिती केली, एवढंच त्याच्या मनात राहिलं. तो बोलेनासा झाला, आणि त्या रागात त्याने दारामागची बंदूक गजासकट साहेबांना देऊन टाकली. वहिनी बाजारातून आल्या तर खुंटी रिकामी. त्या भांडल्या नाहीत. मला मात्र म्हणाल्या, "ती नको व्हती द्याया."

उन्हाळ्यात मी अष्टमीला गेलो तेव्हा त्या ओट्यावर यजमानांची हातोडी आणि कानस घेऊन बसल्या होत्या. फार खंगल्या होत्या. मांडीवर लोखंडाचा कीस सांडला होता. मला बघून त्यांनी पदर त्याच्यावर ओढला. म्हटलं, काय चाललंय? म्हणाल्या, खुंट्या ढिल्या झाल्यात, ठोकते. नंतर चहा झाला, मिशांची विचारपूस झाली. त्यानंतर महिनाभरातच त्या गेल्या. मला उशिरा कळलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दिवाळीनंतर नितीनचा फोन आला. पथकाला प्रयोग मिळाला होता. म्हणाला, "काका, येता काय? हे एकट्याचं काम नाय."

खरंच नाही. नळी इतकी लांब, की तोंड एका टोकाला लावलं तर आपला हात दुसऱ्या टोकाला पोचत नाही. मी गेलो. त्याने पहिली बंदूक खुंटीवरून काढली, स्वतः वाकला आणि तोंड लावलं. मी कानाशी तळहात धरला. तो फुंकत होता, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, पण माझ्या तळहाताला काही लागलं नाही.

दुसरी घेतली. तिसरी घेतली. वारा नाही.

मग त्याने चिंधीने कानावरचं तेल आणि काजळी पुसली, बंदूक उजेडात धरली. भोकात खिळा ठोकलेला होता, वरून कानशीने घासून सपाट केलेला. प्रत्येक बंदुकीच्या कानात. जुन्या लढायांत शत्रूच्या तोफा हाती लागल्या की त्या कायमच्या मुक्या करायला हेच करत. वहिनींनी इतके किल्ले पडताना पाहिले होते, त्यांना हे ठाऊक असणारच.

नितीन जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. मी त्याला रडू दिलं. मग माझी नजर दारामागच्या रिकाम्या खुंटीवर गेली, आणि त्याचीही गेली. त्या एकाच बंदुकीचा कान अजून उघडा होता. त्याचं रडणं एकदम थांबलं.

त्याने साहेबांना फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता म्हणून मलाही ऐकू येत होतं. मागे भांड्यांचा आणि हसण्याचा कालवा. साहेब खुशीत होते. म्हणाले, बरं झालं आठवण काढलीस, पाहुणे जमलेत, अंगणात तुझ्या वडिलांच्याच बंदुकीचा बार काढतोय. गजाने मस्त ठासलीय.

"साहेब, गज भायेर हाय काय?" नितीन म्हणाला. "हात लावून बघा."

"अरे, नुसती दारू आहे. गोळी कुठे आहे?"

"गज, साहेब. गज कुठं हाय?"

पलीकडे ते कुणाला तरी म्हणाले, जरा मागे सरका, फोटो नीट येऊ दे. आणि फोन कट झाला.

नितीन पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिला. नुसती रिंग जात होती. मी त्याच्या शेजारी उभा होतो, आणि माझा तळहात अजून तसाच उघडा होता.