मुखवटेवाला आणि मॅटिनीची पोरं

पोरं ओरडत नव्हती. दुपारचा मॅटिनी, पुढच्या बाकांवर शंभरेक पोरं, पडद्यावर मारामारी, आणि थिएटरात सिनेमाच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नाही.

मी तेव्हा मलकापूरला एका टॉकीजचा मॅनेजर होतो. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं. स्टंटपट लागला की पोरं शिट्ट्या मारत, बाकांवर उभी राहत. त्यांना खाली बसवता बसवता आमचा डोअरकीपर रहीमचाचा घामाघूम व्हायचा. आज तो नुसता भिंतीला टेकून उभा होता.

"साहेब," तो माझ्या कानाशी लागला, "हे पोरं रडत बी नाहीत, हासत बी नाहीत. काऊन?"

सिनेमा एका मुखवटेवाल्याचा होता. रेल्वेखाली मेलेला माणूस काळा मुखवटा घालून परत येतो. मरणाच्या दारात उभं राहून कोणी दोन्ही हातांनी डोळे झाकले, की तो येऊन वाचवतो. बोलत मात्र कधीच नाही.

सुरुवातीला पडद्यावर सेन्सॉर बोर्डाचं सर्टिफिकेट दिसतं. त्यावर 'ए' असेल तर सिनेमा फक्त मोठ्यांसाठी, 'यू' असेल तर सगळ्यांसाठी. याला 'यू' होतं. मुखवटा, मारामारी, शेवटी चांगल्याचा विजय. बोर्डाला त्यात वावगं दिसलं नसावं.

खेळ संपला, दिवे लागले, तरी पोरं उठेनात. कोऱ्या पडद्याकडे बघत बसली. रहीमचाचाने एकेकाला हाताला धरून बाहेर काढलं. त्यांत त्याची लहानगी नात नसीमही होती. आजा दारावर, त्यामुळे ती रोज आत.

दुसऱ्या दिवशी मॅटिनी सुटल्यावर रेल्वे फाटकावरून निरोप आला. मी आणि रहीमचाचा धावत गेलो. गेटमनने नसीमला आणि आणखी दोन पोरांना आपल्या गुमटीत बसवून ठेवलं होतं.

"रुळावर उभे होते, साहेब. डोये झाकून. मालगाडी येऊन राह्यली, मी बोंबलून राह्यलो, पन एक हालंन तं शपथ. वढून काढले म्हणून वाचले."

रहीमचाचाने नातीला छातीशी धरलं. ती मात्र रागावलेली.

"मले काऊन वढलं? तो येऊनच राह्यला होता."

"कोण?" मी विचारलं.

"मुखवटेवाला. गाडीच्या तिकडून."

बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. शांतपणे.

गेटमनने मला बाजूला घेतलं. "मी तुमचा शिनेमा पाह्यला नाही. पन रुळापल्याड कोनी तरी उभं होतं. कायंकुट्ट. गाडी गेली अन् मंग नव्हतं."

"सिग्नलचा खांब असेल."

"खांब या बाजूनं हाय, साहेब."

मी तडक शेठकडे गेलो. टॉकीजचे मालक, कापसाचे व्यापारी. उद्यापासून लहान पोरं आत घ्यायची नाहीत, म्हणालो.

"सरकारनं 'यू' देलं. तुम्ही सरकारपेक्षा शायने झाले काय?"

"शेठ, उद्या बाल्कनीत बसू नका. खाली पोरांत बसा. मग बोलू."

ते बसले. मी मागे उभा राहिलो. गाडीचा सीन आला, आणि कोणी न सांगता पोरांनी दोन्ही हात डोळ्यांवर नेले. सगळ्यांनी, एकाच वेळी.

शेठनी शेजारच्याला विचारलं, "भेला का बे?"

"नाही. बलावून राह्यलो त्याले."

शेठ उठून माझ्याकडे आले. अंधारातही त्यांचा चेहरा उतरलेला दिसत होता. "बंद करा."

"उद्यापासून ना?"

"आत्ता. खेय बंद करा."

आम्ही सिनेमाची जाहिरात टांग्यावर भोंगा लावून करायचो. त्या संध्याकाळी त्याच भोंग्यातून मी गावात सांगत फिरलो: यात माणूस रेल्वेखाली मरतो, मेलेला परत येतो, लहान मुलांना आणू नका. ज्यांनी पाहिला असेल त्या मुलांना रुळाकडे सोडू नका, सकाळी टॉकीजवर घेऊन या.

आयाबाया पोरांना घेऊन आल्या. ऑपरेटरने केबिनमध्ये उजेडापुढे फिल्मची पट्टी धरून दाखवली. गाडीचा तुकडा वेगळा, मुखवटेवाल्याचा वेगळा, मध्ये चिकटवल्याची जागा. पोरांनी बोट लावून बघितली. एकजण हसला, मग सगळे हसले. किती दिवसांनी तो गोंगाट ऐकला.

नसीम हसली नाही. पट्टी डोळ्यांशी धरून बराच वेळ बघत राहिली.

"इथं तं गाडीपाशी कोनीच नाही."

"नाहीच."

"मंग त्या दिवशी कोन होतं?"

ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. खांबाचं मी बोललो नाही. "कोणी का असेना," म्हणालो, "त्याच्यासाठी तू रुळावर जायचं नाही."

तिने विचार केला. "हाव," म्हणाली आणि पट्टी परत दिली.

नंतर एकही पोर रुळावर सापडलं नाही. सिनेमा मोठ्यांसाठी आठवडाभर चालला, आणि आमच्या सूचनेमुळेच गर्दी वाढली. डिस्ट्रिब्युटरचा माणूस भुसावळहून विचारायला आला, 'यू' सिनेमाला मुलं अडवायचा नियम कुठला? शेठ म्हणाले, "नियम नाही. तुम्ही फक्त पोरांत बसून पाहा."

तो बसला नाही. फिल्मची पेटी घेऊन गेला.

सर्टिफिकेट देणारे पडद्याकडे बघून देतात. त्यांचं कामच ते आहे. पण नोकरी संपेपर्यंत प्रत्येक नव्या सिनेमाच्या पहिल्या मॅटिनीला मी पडद्याखाली स्टूल टाकून, पडद्याकडे पाठ करून बसलो. बरेच गाजलेले सिनेमे त्यामुळे माझे बघायचे राहून गेले.