भगवंतरावांच्या परसातली पाखरं

देऊळगाव राजाकडच्या एका गावचे पाटील भगवंतराव यांच्याकडे सगळं होतं. नव्हती ती फक्त दरबारात खुर्ची. बुलढाण्याला इंग्रज सरकारचा दरबार भरला की मानाचे लोक ऐटीत बसत आणि भगवंतराव मागं तिष्ठत उभे राहत. हे दुःख त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

त्या हिवाळ्यात नवे डेप्युटी कमिशनर दौऱ्यावर निघाल्याची बातमी आली. साहेबाला म्हणे रानपाखरांचं वेड; दुर्बीण लावून तासन्‌तास बसतो. भगवंतरावांनी तिथंच ठरवलं, खुर्ची आता पाखरंच मिळवून देणार.

पिकातल्या माळ्यावरून गोफणीनं जन्मभर पाखरं हाकलणारा हा माणूस परसात त्यांच्या पाहुणचाराला लागला. कडुनिंबाला पाण्याची गाडगी टांगली, फांद्यांना ज्वारीची टपोरी कणसं बांधली, मांजर थेट सासुरवाडीला धाडलं. मग स्वतः बाज टाकून वाट पाहत बसले. पंधरा दिवस झाले, पण एक चिमणी फिरकेल तर शपथ!

"तुमी अगोदर तिथून उठा," त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई म्हणाल्या. "शिवारातली सारी पाखरं तुमाले वळखतेत."

भगवंतराव चिडले, पण उठले. चौथ्या दिवशी परस किलबिलाटानं भरून गेला.

ही वार्ता कानी पडताच साहेब आला, मागच्या ओसरीत दुर्बीण घेऊन बसला. भगवंतराव दाराआड श्वास रोखून उभे. इतक्यात भोरड्यांचा थवा, ज्वारीचा तो सात जन्मांचा वैरी, भर्रकन निंबावर उतरला. साहेब हरखला. "या पाटलाचं नाव खुर्चीवाल्यांत लिहा," तो सोबत आलेल्या कारकुनाला, शिरस्तेदाराला, हळूच म्हणाला. भगवंतरावांनी ते ऐकलं, आणि त्याच वेळी एका भोरडीनं कणसात चोच खुपसलेली पाहिली.

"हाऽऽ हुर्र! हाऽऽ!" पागोटं गरगरा फिरवत पाटील परसात धावले. झाड रिकामं झालं. दुर्बीण नुसत्या आभाळाकडे लागून राहिली. साहेब उठून घोड्यावर बसला आणि शिरस्तेदारानं आत्ताच लिहिलेल्या नावावर काट मारली.

"काऊन वरडले हो?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"कणसं खाऊन राह्यल्या होत्या ना."

"मंग? खायालेच तर बांधले होते तुमी!"

"हाव, बांधले होते," भगवंतराव पागोटं गुंडाळत म्हणाले. "पण खाताना पाहवलं नाही मले."