वेगाची सुई शून्यावर

महाप्याच्या एका गाळ्यात माझ्या नवऱ्यानं विमान बांधलं. खरंखुरं, दोन माणसं बसतील असं. कंपनी सुटली की हा थेट गाळ्यात. सोसायटीतले विचारायचे, "काय वहिनी, टेकऑफ कधी?" मी म्हणायचे, आधी त्याला घरी लँड तर होऊ दे!

परवानग्यांचं गुऱ्हाळ एकदाचं संपलं. पंख सुटे करून विमान टेम्पोनं घाटावर नेलं, तिथल्या एका छोट्या धावपट्टीवर जोडलं. पहिल्या उड्डाणाला आत एकटाच माणूस, असा नियम. "दुसऱ्याचा जीव कशाला धोक्यात घालायचा?" हा सहज म्हणाला. माझं डोकंच सणकलं. "आणि तुझा काय भंगारात काढलाय?"

सकाळी उरणहून सासूबाईंचा फोन. "नारल फोरल्याबिगर हलवू नको, सांगून ठेवते." त्यांच्याकडे होडी पाण्यात लोटायची तरी आधी तिच्या टोकाला कुंकू लागतं. यानं मनोभावे नारळ फोडला, कुंकू कालवलं, विमानाच्या नाकाला लावलं, चाकांना लावलं आणि पंखातून पुढं आलेल्या बारीक नळीच्या तोंडालाही लावलं, वर अक्षता. त्या नळीत वारा शिरतो, त्यावरून वेग कळतो. गाळ्यात तिला कुणी बोट लावलं तरी हाच खेकसायचा. पण देवाचं म्हटलं की यांचं इंजिनीअरिंग चपलांबरोबर बाहेर! नळी बुजली, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मी वॉकीटॉकी धरून कडेला उभी. विमान धावलं, आणि चाकं सुटली. अगं आई गं! घरात रचून ठेवलेल्या ज्या पत्र्यांना अडखळून मी रोज शिव्या घालायचे, ते पत्रे आभाळात होते.

तेवढ्यात त्याचा आवाज आला. "वेगाची सुई शून्यावर आहे. पट्टी संपली, आता थांबता येणार नाही. एक फेरी मारून येतो." कोपऱ्यावरून दूध घेऊन येतो, अशा सुरात.

धावतानाच सुई बघायची असते, हलली नाही तर थांबायचं. आनंदाच्या भरात हा बघायलाच विसरला. आणि उतरताना तर तीच लागते. वेग कमी पडला की विमान धाडकन खाली, जास्त झाला तर पट्टी पुरत नाही. हे सगळं त्यानंच मला पोळ्या लाटताना समजावलं होतं. मेल्यानं का समजावलं!

मी देवाचं नाव घेत होते, पण नजर हटत नव्हती. घरात ज्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो माणूस नुसत्या इंजिनाच्या आवाजावर आणि नाक किती वर किती खाली त्या अंदाजावर आभाळात वळत होता. इतकी वर्षं याच्याबरोबर संसार केला, आणि हा कोण आहे हे मला त्या दिवशी कळलं. भीतीपेक्षाही ते मोठं होतं.

विमान टेकलं, उसळलं, परत टेकलं. मी हातातलं सगळं टाकून पळत सुटले.

मी पोचले तेव्हा इंजिन बंद झालं होतं. त्याला पट्टा सोडवेना, इतके हात कापत होते. मीच सोडवला. तोंडाशी आलेल्या शिव्या तशाच राहिल्या.

"घाबरलास?"

"वर नाही," तो म्हणाला. "नाकावरचा पंखा अजून फिरत होता आणि तू समोरून धावत आलीस. इंजिनाची किल्ली वेळेवर फिरली म्हणून."