मंगलाष्टकांचा माईक

माझ्या आत्याला गाता येत नाही, हे उदगीरपासून देवणीपर्यंतच्या सगळ्या भावकीला माहीत होतं. ते फक्त आत्यालाच माहीत नाही, अशी माझी समजूत होती.

लग्नात गुरुजी मंगलाष्टकाची एकदोन कडवी म्हणून जरा दम घेतात. तेवढ्या फटीत आत्या पदर खोचून स्टेजवर हजर. कडवं तिनं स्वतः रचलेलं असायचं. त्यात नवरानवरीच्या आजोळापर्यंत सगळ्यांची नावं कोंबलेली. जी नावं वृत्तात बसायची नाहीत त्यांना ती जत्रेच्या एसटीत माणसं बसवावीत तशी दाबून बसवायची. आवाज तर असा, की दारात उभी असलेली नवरदेवाची घोडी कान पाडायची. आम्ही पोरीबाळी मागे तोंडात रुमाल कोंबून बसायचो.

हसणाऱ्यांत मी पुढे असायचे, कारण माझा निकाल आधीच लागलेला होता. शाळेत पंधरा ऑगस्टच्या समूहगीतासाठी बाईंनी आम्हाला रांगेत उभं केलं, प्रत्येकीच्या तोंडाजवळ कान नेला आणि माझ्यापाशी आल्यावर म्हणाल्या, तू नुसते ओठ हलव. मी आज्ञाधारक. ओठ हलवत दहावी झाले, ओठ हलवत लग्न करून नांदेडला आले. गणपतीची आरती असो की हळदीची गाणी, माझे ओठ बरोबर तालात. ‘मला गाता येत नाही’ हे मी रक्तगट सांगावा तसं सांगायचे. लेक झाली तेव्हा तिला अंगाईसुद्धा टेपवर लावून दिली. एकदा आमच्या कचेरीत लातूरहून एक व्यक्तिमत्त्व विकासवाले साहेब आले होते. त्यांनी आम्हा सगळ्या कारकुनांना उभं करून ‘मी करू शकतो, मी करू शकते’ असं ओरडायला लावलं. तिथंही मी ओठच हलवले. साहेब म्हणाले, मॅडमचा आत्मविश्वास बघा.

गेल्या उन्हाळ्यात लेकीचं लग्न ठरलं. कार्यालय, केटरर, मेंदीवाली, सगळं तिनं स्वतः बघितलं आणि मग शांतपणे एक अट घातली. मंगलाष्टक आईनं म्हणायचं. मी म्हटलं, आत्या आहे की, नाहीतर ऑर्केस्ट्रातली कुणी बोलावू.

“मम्मी, मी तुझा आवाज कधी ऐकलाच नाही,” ती म्हणाली. “आता मी घरातून चालले. एकदा तरी ऐकव.”

मला आधी भयंकर राग आला. पाहुण्यांसमोर माझी शोभा करायची आहे का तुला, असं मी बोलून गेले. मग स्वयंपाकघरात जाऊन कांदा न चिरताच रडले. पोरीनं सोनं मागितलं असतं तर परवडलं असतं, पण हे कुठून आणायचं?

दुसऱ्या दिवशी उदगीर गाठलं. आत्या अंगणात मिरच्या निवडत होती. मी विचारलं, तुझ्यासारखा आत्मविश्वास कुठून आणू? तुला तर कधी वाटलंच नाही की आपण वाईट गातो.

आत्यानं मिरच्या बाजूला सारल्या. “मला काय कान न्हाईत का ग?” ती म्हणाली. “लई बेकार गायचे मी. माझ्या नणंदेच्या लग्नात नवरी रडायचं सोडून हसून राहिली होती.”

“मग थांबली का नाहीस?”

“गायल्याबिगर गळा कसा सुधरल? घरात तोंड उघडलं की सासू विचारायची, कोण गेलं म्हणून. मंडपात कोणी उठून जात न्हाई. अक्षता हातात असत्यात, माणूस जाईल कुठं?”

गेली काही वर्षं आत्या खरंच बरी गात होती. देवणीच्या लग्नात तर पोरांनी तिचं रील काढलं होतं. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याचं श्रेय हल्लीच्या चांगल्या माईकना दिलं होतं.

मग तिनं मला कडवं शिकवलं आणि त्यासोबत धंद्यातली एक युक्ती. ओळ विसरली की घाबरायचं नाही, सरळ ‘सावधान’ म्हणायचं. तो शब्द कानावर पडला की लोक अक्षता टाकतात, बाकी कोणी काही ऐकत नसतं. फक्त बँडवाल्यावर नजर ठेवायची. एकदा तिनं मध्येच सावधान म्हटलं, बँडवाल्याला ते शेवटचं वाटलं, त्यानं दणका सुरू केला. अंतरपाट खाली, हार गळ्यात आणि मुहूर्त अजून यायचा होता. गुरुजी लालबुंद. त्या जोडप्याचा संसार मात्र उत्तम चालला आहे.

लग्नाच्या दिवशी माझ्या हातात माईक आला. पट्टी फारच वरची लागली. दुसऱ्या ओळीत दम संपला. तिसरी ओळ डोक्यातून साफ उडाली. मी सावधान म्हटलं. अक्षता म्हणून वाटलेल्या रंगीत ज्वारीचा पाऊस पडला, बँडवाल्यानं टिपऱ्या उचलल्या, गुरुजींनी त्याला डोळ्यांनीच दाबलं. आमच्या ह्यांनी आपल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली. मी पुन्हा पहिल्यापासून कडवं धरलं आणि शेवटपर्यंत नेलं. अंतरपाटाआड लेकीचे खांदे हलत होते. हसत होती की रडत, ते तेव्हा कळलं नाही. नंतर म्हणाली, दोन्ही.

गायले मात्र वाईटच. चमत्कार वगैरे काही झाला नाही. शाळेतल्या बाईंचा कान शंभर टक्के बरोबर होता, हे मला स्टेजवरून उतरताना पटलं आणि त्याच पायरीवर माझं डोकं फिरलं. राग बाईंचा नव्हता. त्या एका सकाळचा निकाल मी जन्माचा धरला, याचा होता. जेवढी वर्षं आत्या लग्नालग्नांत मनसोक्त बेसूर गात बसली, तेवढीच वर्षं मी ओठ हलवण्यात घालवली. वाईट गायला सुरुवात करायची राहिलीच. लेकीचं सगळं लहानपण त्यात गेलं आणि ते आता परत मिळणार नव्हतं.

पंगतीत आत्याच्या शेजारी बसले. तिनं जिलबी संपवली, हात पुसले.

“लई बेकार,” ती म्हणाली. “पण माझ्या पहिल्यापेक्षा बरं. पट्टी खाली घे. दुसऱ्या ओळीच्या आधीच दम भरून घे. आता पुढचं लगीन कुणाचं हाय?”

आमच्या घरात कुणाचंच नव्हतं. आठवड्यानं लातूरला कचेरीतल्या एका बाईंच्या भाच्याचं होतं. मी खरं तर जेवायला म्हणून गेले होते. कमानीवर नवरानवरीची नावं होती, ती वाचून उभ्या उभ्या कडव्यात बसवली. गुरुजींनी दम घेतला तेव्हा मी स्टेजवर पोचले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूच विचारलं, “ताई, आपण वधूकडच्या की वराकडच्या?”

“कुणाकडचीच न्हाई,” मी म्हणाले. “माईक द्या.”