क्लोदच्या वडिलांचं नाव

लतिका दिनकर मयेकर मूळची सावंतवाडीची. जर्मनीत, कार्ल्सरूहेत शिक्षण संपवून ती एका लहानशा कलासंग्रहालयात नोकरीला लागली होती आणि तिचा व्हिसा त्या नोकरीवरच टिकून होता. २००७ च्या ऑक्टोबरात तिथे एक गमतीचं प्रदर्शन भरत होतं: क्लोद नावाचे सहा फ्रेंच विचारवंत, लेखक आणि चित्रकार. सहाही जणांची ओळख लतिकाने लिहिली होती. पुस्तिकेच्या चारशे प्रती छापून आल्या होत्या, उद्घाटन संध्याकाळी सहाला होतं, आणि दुपारी दोनला फ्रान्सहून मागवलेला एक जन्मदाखला पोस्टाने आला.

तो वाचून तिच्या पायाखालची जमीनच सरकली. तत्त्वज्ञ क्लोद आर्मां रिव्हो यांच्या वडिलांचं नाव एमिल होतं. लतिका बाईसाहेबांनी मात्र 'चित्रकार आर्मां रिव्हो यांचे चिरंजीव' असं बिनधास्त ठोकून दिलं होतं. मधलं नाव आर्मां, म्हणजे बाप आर्मां! दाखल्याची वाट बघायचीही गरज तिला वाटली नव्हती.

दाखला अजून कोणी पाहिला नव्हता. करार डिसेंबरात संपत होता, आणि तो वाढवायचा की नाही हे संग्रहालयाच्या कडक स्वभावाच्या संचालिका फ्राऊ वेंडलर ठरवणार होत्या. लतिकाने दाखला खणात टाकला. पुन्हा काढला. साडेतीनला ती एकदाची दाखला घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि चूक सांगून मोकळी झाली.

"तर मग, हा शोध कुठून लावलात?" फ्राऊ वेंडलरनी विचारलं.

"आमच्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं."

"आणि फ्रान्समध्ये?"

लतिकाने दाखल्यावरच्या 'एमिल'वर बोट ठेवलं.

"शुद्धिपत्र छापा. चूक कोणाची तेही लिहा, पूर्ण नावानिशी."

करार वाढणार का, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. चिठ्ठ्या छापून ती एकेका प्रतीत घालायला बसली. थोड्या वेळाने फ्राऊ वेंडलरही शेजारी येऊन बसल्या आणि चिठ्ठ्या घालू लागल्या. शेवटचा गठ्ठा संपल्यावर म्हणाल्या, "जानेवारीपासून पुढचं प्रदर्शन तुमच्याकडे. आधी दाखला, मग ओळख."

म्हणजे करार वाढला होता. मग हातातल्या चिठ्ठीवरच्या 'लतिका दिनकर मयेकर'कडे लक्ष गेलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक तिची, आणि तिच्या नावामध्ये तिचे वडील, आप्पा, उभे.

रविवारी तिने घरी फोन लावला. "आप्पा, तुमचं नाव इथे चारशे वेळा छापून आलंय. माझ्या चुकीखाली." आणि सगळं सांगून टाकलं.

आप्पांनी एवढंच विचारलं,

"चूक लपवलीस, असं छापलंय का?"

"नाही."

"मग एक प्रत इकडे पाठव."