पंप कुठाय?

दम्याची सरकारी मोहीम आल्यापासून आमच्या उंब्रजच्या आशा सेविका बाई कुणाची खुशाली विचारत नाहीत. दारातूनच म्हणतात, "दम्याचा पंप कुठाय?" पेशंटनं तो नीट ओढून दाखवल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत.

परवा पुतणीला बघायला पाहुणे आले. तिचा पंप आम्ही पिठाच्या डब्यामागं दडवला होता. नेमकी पोहे देताना तिला खोकल्याची उबळ आली आणि नेमक्या बाई दारात.

"पोरी, पंप कुठाय?"

पुतणीनं मुकाट्यानं पंप आणून ओढला. मुलाच्या आईनं टक लावून बघितलं, मग पिशवीतून स्वतःचा काढून तोंडाला लावला.

आमचा जीव भांड्यात पडला. बाई मात्र पुढं सरसावल्या. "आवं, तसा न्हाई. आदी हलवायचा."