फूड बँकेत मी केलेली आमटी

रिटायर झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत मी आमच्या मिशिगनमधल्या नोव्हायच्या घरातलं स्वयंपाकघर दोनदा नव्यानं लावलं. मसाल्यांच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवली, डबे उंचीप्रमाणे रांगेत ठेवले आणि दह्यावर मार्करनं तारखा घातल्या. चौथ्या महिन्यात बायकोनं मुलीला फोन केला. दोघींचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी मुलीचा मेसेज आला, "बाबा, आय साइन्ड यू अप." आमच्या भागातल्या फूड बँकेत, व्हॉलंटियर म्हणून, दर मंगळवारी आणि गुरुवारी, सकाळी नऊ ते बारा.

"मला एकदा विचारायचं तरी," मी बायकोला म्हणालो.

"विचारलं असतं तर तुम्ही आधी एक्सेल शीट काढून बसला असता," ती म्हणाली.

शीट मी तोवर उघडलेली होती.

फूड बँक म्हणजे मला वाटलं होतं एखाद्या चर्चच्या तळघरात चार टेबलं असतील. प्रत्यक्षात ते फुटबॉलच्या मैदानाएवढं गोदाम निघालं. दुकानांत न खपलेलं, शेतात जास्त पिकलेलं, कारखान्यात पॅकिंग चुकलेलं असं सगळं अन्न ट्रक भरभरून तिथे येतं. ते निवडून, खोक्यांत भरून आसपासच्या शाळांना आणि चर्चना पाठवतात. शिवाय गोदामाच्या पुढच्या भागात दर गुरुवारी एक छोटं दुकान लागतं. लोक येतात, फळ्यांवरून हवं ते उचलतात, पैसे द्यायचे नसतात.

मला निवडायच्या टेबलावर उभं केलं तेव्हा मी मनात म्हटलं, वा, योग्य माणूस योग्य जागी. मी सगळी नोकरी ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये केली. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंना नाही म्हणणं हा माझा व्यवसाय होता आणि मला तो फार आवडायचा.

पहिल्याच दिवशी मी पोचे आलेले डबे बाद केले. तारीख उलटलेले सीरियलचे खोके बाद केले. सुरकुतलेल्या ढबू मिरच्या, वाकडी गाजरं, खोका फाटलेला पास्ता, सगळं बाद. साडेदहाला माझं बाद मालाचं पिंप भरलं. मी अभिमानानं दुसरं मागितलं.

आमची सुपरवायझर स्कूल बस चालवून रिटायर झालेली बाई होती. माझ्याच वयाची, उंच, आणि आवाज असा की मागच्या सीटवरचं पोरही गप्प बसेल. ती आली, तिनं पिंपात पाहिलं आणि ते सबंध टेबलावर पालथं केलं.

"इंजिनिअर, हे काय आहे?"

"रिजेक्ट," मी म्हणालो.

"हे शंभर लोकांचं जेवण आहे," ती म्हणाली. मग तिनं एक डबा उचलला. "पोचा जोडावर असेल तर फेक. डबा फुगला असेल, गळत असेल तर फेक. नुसता पोचा आहे? ठेव. सीरियलवरची ही 'बेस्ट बाय' तारीख म्हणजे त्यानंतर ते थोडं कमी कुरकुरीत लागेल, एवढंच. कोणी मरत नाही. आणि या गाजरात वाईट काय आहे?"

"वाकडं आहे."

तिनं ते गाजर पुसलं, कडाकडा खाल्लं आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "परवा महिन्यापूर्वीचं श्रीखंड बोटानं चाटून कोणी संपवलं?"

त्यानंतर मी सुधारलो. निदान बाद मालाच्या बाबतीत. बोलण्याच्या बाबतीत सुधारायला मसूर यावी लागली.

सप्टेंबरअखेर मसूरडाळीचे चार पॅलेट, म्हणजे लाकडी फळ्यांवर रचलेले चार मोठे ढीग, आले. चांगली, स्वच्छ, केशरी डाळ, दोन-दोन पौंडांच्या पिशव्यांत. पिशवीवर शिजवण्याची कृती मात्र भाताची छापलेली. दुकानांनी माल घेतला नाही म्हणून तो आमच्याकडे आला. आम्ही त्या पिशव्या गुरुवारच्या दुकानात मांडल्या. पास्ता तासाभरात संपायचा. मसूर लोक उचलायचे, उलटसुलट करून बघायचे आणि हळूच परत ठेवायचे. दोन आठवडे हेच चाललं होतं.

"नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा माल येईल," सुपरवायझर म्हणाली. "मला जागा लागणार. ही अशीच पडून राहिली तर गुरांच्या खाद्याला पाठवावी लागेल."

मसूर गुरांना! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "लोकांना माहीत नाही म्हणून घेत नाहीत," मी म्हणालो. "मी शिकवतो. डेमो करतो."

"तुला स्वयंपाक येतो?"

"डाळ तर भारतात सगळ्यांनाच येते," मी म्हणालो.

एका वाक्यात इतक्या लोकांच्या वतीनं खोटं बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ. मला स्वतःला चहा येत होता, आणि तोही बायको माहेरी गेली की.

बायको डेमोला यायला तयार झाली नाही. "तुम्ही शब्द दिलात, तुम्हीच करा," ती म्हणाली. पण तीन संध्याकाळ तिनं मला शिकवलं. पहिल्या दिवशीची आमटी करपली, दुसऱ्या दिवशीची खारट झाली, तिसऱ्या दिवशीची आम्ही जेवलो. "फोडणी करताना बोलायचं नाही," ती पुन्हा पुन्हा बजावत होती. "तेल तापलं की लक्ष तेलाकडे."

मी मान डोलावली आणि बारा स्लाइड्सचं प्रेझेंटेशन तयार करायला बसलो. पहिल्या स्लाइडवर भारताचा नकाशा होता. तिथे पडदा नाही असं सुपरवायझरनं कळवलं, तेव्हा मी स्लाइड्स मोठ्या कागदांवर छापून घेतल्या.

गुरुवारी दुकानाच्या कोपऱ्यात एक घडीचं टेबल, त्यावर विजेची शेगडी आणि समोर आपला नंबर येण्याची वाट बघत बसलेली पंधरा-वीस माणसं. कोणी आजीबाई, कोणी कामाच्या बुटांतली पुरुष मंडळी, पुढे गुलाबी युनिफॉर्म घातलेली एक तरुण बाई आणि तिच्या दोन मुली. मी कुकरमध्ये डाळ आधीच शिजवून घेतली होती. कढल्यात तेल तापत ठेवलं आणि पहिला कागद उचलला.

मी प्रोटीनवर बोललो. मग मसूर आणि तूर यांतल्या फरकावर बोललो, जो तिथे कोणीही विचारला नव्हता. सहाव्या कागदावर असताना माझ्या लक्षात आलं की मागून वास येतोय. वळून बघतो तर तेलातून धूर निघतोय. अशा वेळी शेगडी बंद करायची असते. मी घाईघाईत मोहरी टाकली. मोहरी गोळ्यांसारखी उडाली. मग, आता सुरू केलंच आहे तर पूर्ण करू म्हणून, हिंग आणि लाल मिरच्या टाकल्या.

पहिल्या रांगेला खोकला लागला. मग दुसऱ्या. मग छतावरचा अलार्म वाजायला लागला.

त्या इमारतीचा नियम असा की अलार्म वाजला की सगळ्यांनी बाहेर. दुकानातली माणसं, टेबलांवरचे व्हॉलंटियर, फोर्कलिफ्टवाले, दुधाचा ट्रक रिकामा करणारे, सगळे पार्किंगमध्ये. ऑक्टोबरचा बोचरा वारा सुटला होता आणि बऱ्याच जणांचे कोट आत राहिले होते. पाच मिनिटांत बंब आला.

"काय जळलं?" फायरमननं विचारलं.

"मस्टर्ड," मी म्हणालो.

त्याच्या डोळ्यांपुढे हॉटडॉगवर पिळायचं पिवळं मस्टर्ड आलं असणार. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग सुपरवायझरकडे बघितलं. ती म्हणाली, "मला विचारू नका, हा इंजिनिअर आहे."

ते आत तपासणी करत होते तेवढा वेळ मी माझे बारा कागद छातीशी धरून उभा होतो. समोर माणसं हात चोळत उभी होती. कोणी कामावरून तासाभराची सुट्टी काढून आलं होतं. एकजण फोनवर बॉसला उशिराचं कारण सांगत होता, आणि बॉसचा विश्वास बसत नव्हता. मी दिसेल त्याला सॉरी म्हणत होतो.

ती गुलाबी युनिफॉर्मवाली बाई माझ्याजवळ आली. ती एका वृद्धाश्रमात काम करायची, हे मला नंतर कळलं. मला वाटलं ओरडणार.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "याला स्टोव्ह लागतोच का?"

"हो, स्टोव्ह तर लागणारच."

"आमच्याकडे मायक्रोवेव्ह आहे. आम्ही हायवेजवळच्या मोटेलमध्ये राहतो, एका खोलीत."

"बरं," मी म्हणालो, आणि मग आयुष्यातलं सगळ्यात बावळट वाक्य बोललो. "पण प्रेशर कुकर तर असेल ना?"

ती चिडली नाही. लहान मुलाला समजावतात तशी म्हणाली, "सर. मोटेल."

धाकटीला थंडी वाजत होती. आईनं तिला स्वतःच्या स्वेटरमध्ये ओढून घेतलं आणि दोघी रांगेकडे गेल्या, मोठी त्यांच्या मागे.

मला कोणी आजवर इतक्या थोडक्यात गप्प केलं नव्हतं. दोन आठवडे मी समजून चाललो होतो की या लोकांना डाळ माहीत नाही. डाळ कशावर शिजवणार, हे मी एकालाही विचारलं नव्हतं. आणि नोकरीत नव्या पोरांना मी पहिला धडा हाच द्यायचो की आपला भाग जिथे बसतो तिथे जाऊन बघा, टेबलावर बसून ठरवू नका. त्यावरही माझ्याकडे एक स्लाइड होती.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. बंबापर्यंत ती हसत होती. मोटेलपाशी थांबली. मग उठली आणि तिनं काचेचा मोठा वाडगा काढला.

"मायक्रोवेव्हमध्येच बघू," ती म्हणाली.

पहिल्या वाडग्यातली डाळ उतू गेली आणि मायक्रोवेव्हची काचेची थाळी केशरी चिखलात फिरत राहिली. दुसरी डाळ कच्ची राहिली. मग बायकोनं पॉवर निम्मी केली, वाडगा अर्धाच भरला आणि मधे दोनदा ढवळलं. पंधरा मिनिटांत डाळ मऊ शिजली. प्रश्न राहिला फोडणीचा. मोहरी, हिंग फूड बँकेत मिळत नाहीत, आणि ते मिळाले तरी माझ्या हाती द्यायचे नाहीत असं तिथे ठरलेलं होतं. मी तिथल्या फळ्या आठवायला लागलो. टोमॅटोचे डबे असतात. मेक्सिकन टॅकोच्या मसाल्याची पाकिटं तर ढिगानं असतात.

"टॅको मसाला? आमटीत?" बायकोनं कपाळाला हात लावला.

"जिरं आहे त्यात. मिरची आहे. लसूण आहे," मी घरातलं एक पाकीट शोधून त्यावरचं वाचून दाखवलं.

डाळीत टोमॅटो आणि तो मसाला घातल्यावर तिनं एक चमचा चाखला. मग दुसरा घेतला आणि म्हणाली, "हिला आमटी म्हणायचं नाही. पण पोट भरेल."

मी अर्ध्या पानाचं कार्ड केलं. नकाशा नाही, इतिहास नाही, चार ओळी. पुढच्या गुरुवारी सुपरवायझरनं मला उभं राहू दिलं, पण एका अटीवर. "तू फक्त वाढ. तोंड उघडायचं नाही." मी कागदी कपांतून डाळ वाढली, प्रत्येक पिशवीवर कार्ड चिकटवलं आणि लोकांनी विचारलं तेवढंच सांगितलं. त्या दिवशी पिशव्या उचलल्या गेल्या. सगळ्या नाही, पण फळी अर्धी रिकामी झाली.

ती बाई मात्र आली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. मी वाढता वाढता सारखा दाराकडे बघायचो. मोटेलमधून त्यांना काढलं असेल का, गाडी बंद पडली असेल का, की माझ्या धुरानंच तिनं इथं यायचं सोडलं असेल, नाही नाही ते डोक्यात यायचं. सुपरवायझर म्हणाली, "अरे, शिफ्ट बदलली असेल." तेच होतं.

तिसऱ्या गुरुवारी ती आली, मुलींना घेऊन. तिच्याजवळ माझं कार्ड होतं. जवळच्या एका शाळेत आमचा माल वाटतात, तिथून तिला मसुरीच्या पिशवीसोबत मिळालेलं. त्यावर डाळीचे डाग होते आणि पेननं खुणा केल्या होत्या.

"मीठ कमी लिहिलंय," ती म्हणाली. "आणि पंधरा मिनिटं हे खोटं आहे. मोटेलच्या मायक्रोवेव्हला बावीस लागतात."

अर्थातच. जुना, कमी वॉटचा मायक्रोवेव्ह. सगळा जन्म इंजिनिअर म्हणून काढला आणि वॅटेज लिहायचं विसरलो.

"मुलींनी खाल्लं?" मी विचारलं.

"मोठी खाते. धाकटी केचप घालून खाते."

आमटीत केचप. तरी मी पेन काढलं. कार्डावर तिच्यासमोरच दुरुस्ती केली: मायक्रोवेव्ह जुना असेल तर बावीस मिनिटं, मीठ चवीनुसार, मुलांसाठी केचप चालेल. तिनं वाचलं, ठीक आहे म्हणाली आणि चार पिशव्या घेतल्या.

मी त्या गाडीपर्यंत नेऊन दिल्या. मागच्या सीटवर बसलेल्या धाकटीनं काच खाली केली आणि मला निरखून विचारलं, "आर यू द बीन गाय?"

मी हो म्हणालो, तो बीनवाला मीच. मसूर म्हणजे बीन नव्हे, हे सांगायचं मोठ्या कष्टानं टाळलं.